चाहता मंडळे व मैफलीतील आसनक्रम

एखादा गायक, वादक वा वादकसमूह यांच्या चाहत्यांच्या वर्गणीदार मंडळात (फॅन क्लबमध्ये) सभासदाने किती वर्षे काढली, यावरून मैफलीतील त्याचे आसन ठरविण्याची पद्धती. ही पद्धती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रॉक संगीताच्या क्षेत्रात रूढ झाली. तिच्यात सभासदाचा नोंदणी क्रमांक निर्णायक असतो. ज्याचा क्रमांक लहान, म्हणजे जो आधी सभासद झाला, त्याचे आसन रंगमंचाला अधिक जवळ; ज्याचा क्रमांक मोठा, त्याचे अधिक दूर. शासकीय सेवेतील ज्येष्ठतासूचीशी तिचे साम्य उघड आहे. मात्र सेवेत ज्येष्ठतेबरोबर काही काम अभिप्रेत असते. येथे ज्येष्ठतेमागे केवळ दीर्घकाळ टिकलेली आवड आणि नियमितपणे भरलेली वर्गणी असते. आवडीचा काळ हा हक्काचा आधार होऊ शकतो काय, हा या पद्धतीने उपस्थित केलेला मूळ प्रश्न होय.

प्रेक्षागृहातील सर्व जागा सारख्या नसतात. पहिल्या ओळीतून वादकाची बोटे दिसतात, शेवटच्या सज्जातून त्याची आकृतीही अस्पष्ट होते; आणि पहिल्या ओळीतील जागा तर मोजक्याच असतात. त्या कोणाला द्याव्यात, याची उत्तरे निरनिराळ्या काळांत निरनिराळी दिली गेली. कुल वा मान, पैसा, रांग, सोडत आणि ज्येष्ठता ही त्यांतील प्रमुख पाच तत्त्वे होत. त्यांपैकी ज्येष्ठतेचे तत्त्व रांगेच्या तत्त्वातूनच निघाले आहे. रांगेत काही तास उभे राहणारा मनुष्य आपला वेळ खर्चून जागा मिळवितो. चाहता मंडळाचा सभासद हीच रांग अनेक वर्षे लावतो. फरक एवढाच, की रांग मैफलीच्या दिवशी विसर्जित होते आणि ज्येष्ठता पुढील मैफलीसाठी शिल्लक राहते. या शिलकीतच तिचे गुण आणि दोष दोन्ही सामावलेले आहेत.

पूर्वपीठिका : यूरोपात तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी पहिले संगीतिकागृह व्हेनिस येथे १६३७ मध्ये उघडले. तेथील आणि त्यानंतरच्या इटालियन संगीतिकागृहांतील खासगी सज्जे धनिक घराणी वार्षिक भाड्याने घेत व ते पुढील पिढ्यांकडेही राहत. मिलान येथील ‘ला स्काला’ हे संगीतिकागृह (१७७८) उभारण्याचा खर्च अशा सज्जेधारक घराण्यांनीच केला होता. सज्जा ही त्यांची मालमत्ता असे. तो विकता येई, वारसांना देता येई. महाराष्ट्रातील वतनपद्धतीशी परिचित असलेल्या वाचकास ही व्यवस्था अपरिचित वाटणार नाही. एकदा मिळालेला मान हा पुढे सेवेशी वा आवडीशी संबंध नसलेला हक्क बनतो, हे वतनाचे लक्षण या सज्जांनाही लागू पडत होते.

लंडनच्या ‘रॉयल अल्बर्ट हॉल’च्या (१८७१) बाबतीत हेच तत्त्व आधुनिक करारपत्राच्या रूपात अवतरले. सभागृह बांधण्यासाठी निधी हवा म्हणून सुमारे १,३०० आसने प्रत्येकी १०० पौंडांना ९९९ वर्षांच्या मुदतीने विकण्यात आली. एकविसाव्या शतकातही त्या सभागृहातील सुमारे एक-चतुर्थांश आसनांवर अशा आसनधारकांचा हक्क आहे. त्यांतील काहींनी आपल्या जागांची तिकिटे मूळ किमतीच्या अनेकपट दराने बाजारात विकल्यामुळे वाद निर्माण झाला. ज्याने शंभर पौंड दिले त्याला संगीत ऐकावयाचे होते, हे गृहीत धरले तरी त्याच्या वारसाला ते ऐकावयाचे असेलच, असे नाही.

न्यूयॉर्कमध्ये जुन्या हक्काविरुद्ध नवा पैसा उभा राहिला. तेथील ‘अकॅडमी ऑफ म्यूझिक’ (१८५४) या संगीतिकागृहातील मोजके सज्जे जुन्या प्रतिष्ठित घराण्यांकडे होते व यादवी युद्धानंतर उदयास आलेल्या नवश्रीमंत उद्योगपतींना ते मिळेनात. तेव्हा या मंडळींनी १८८० मध्ये एकत्र येऊन ‘मेट्रोपॉलिटन ऑपेरा’ ही संस्था स्थापन केली आणि २२ ऑक्टोबर १८८३ रोजी स्वतःचे संगीतिकागृह उघडले. अवघ्या तीन वर्षांत, १८८६ मध्ये, अकॅडमीला आपला संगीतिकांचा हंगाम बंद करावा लागला. ज्येष्ठांनी सर्व जागा अडवून ठेवल्या, तर नवागत दुसरे घर बांधतात, हा या घटनेचा अर्थ चाहता मंडळांच्या संदर्भातही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सज्जांच्या मालकीपेक्षा वर्गणीची पद्धती अधिक व्यापक ठरली. मोट्सार्ट (१७५६–९१) याने १७८४ मध्ये व्हिएन्ना येथे केलेल्या मैफलींसाठी १७४ वर्गणीदार मिळविले होते व त्यांची यादी त्याने आपल्या पित्याला पत्राने कळविली होती. १८४२ मध्ये ओटो निकोलाय (१८१०–४९) याच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या ‘व्हिएन्ना फिलहार्मोनिक’ या वाद्यवृंदाच्या वर्गणी मैफली १८६० पासून नियमित होऊ लागल्या. त्यांच्या वर्गणीदारांत प्रवेश मिळण्यासाठी अनेक वर्षे प्रतीक्षायादीवर राहावे लागते. याच वाद्यवृंदाच्या सुप्रसिद्ध नववर्ष मैफलीची तिकिटे मात्र सोडतीने दिली जातात. एकाच संस्थेने नित्याच्या मैफलींसाठी ज्येष्ठता आणि जगभरातून मागणी असलेल्या एका मैफलीसाठी नशीब, असे दोन निकष स्वीकारले, ही गोष्ट सूचक आहे. स्थिर व परिचित श्रोतृवर्ग असेल तेथे ज्येष्ठता चालते. मागणी अफाट व अपरिचित असेल तेथे सोडत अधिक न्याय्य वाटते.

चाहता मंडळाचे सर्वांत जवळचे पूर्वरूप बायरॉइट येथे आढळते. रिखार्ट व्हाग्नर (१८१३–८३) याने आपल्या संगीतिकांसाठी बायरॉइटमध्ये उभारलेल्या नाट्यगृहाकरिता प्रत्येकी ३०० टालर किमतीची १,००० आश्रयदाती प्रमाणपत्रे काढली आणि ती खपविण्यासाठी ठिकठिकाणी व्हाग्नर मंडळे स्थापन झाली. एका कलावंताच्या चाहत्यांनी संघटित होऊन वर्गणी द्यावी व तिच्या मोबदल्यात आसन मिळवावे, ही कल्पना येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आली. अपेक्षेइतकी प्रमाणपत्रे खपली नाहीत व बव्हेरियाचा राजा दुसरा लूटव्हिख याच्या कर्जामुळे काम तडीस गेले, हा भाग वेगळा. १८७६ मध्ये उघडलेल्या या नाट्यगृहात बाजूचे सज्जे वगळून सर्व आसने चढत्या ओळींत मांडलेली होती. पुढील काळात येथील तिकिटांसाठी सुमारे दहा वर्षे प्रतीक्षा करावी लागे. या काळात दरवर्षी न चुकता अर्ज करणे आवश्यक असे. एखादे वर्ष खंड पडल्यास आधीची प्रतीक्षा वाया जाई. नाट्यगृहाच्या मित्रमंडळाला व व्हाग्नर संघांना राखून ठेवलेल्या तिकिटांचे प्रमाण इतके वाढले, की २०११ मध्ये जर्मन संघराज्याच्या लेखापरीक्षण यंत्रणेने त्यास आक्षेप घेतला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या महोत्सवाची तिकिटे सर्वसामान्य नागरिकाला पुरेशी उपलब्ध नाहीत, हा आक्षेपाचा गाभा होता. त्यानंतर राखीव वाट्यांत कपात करण्यात आली.

रांगेची मर्यादा : मालकी व वर्गणी यांच्याहून लोकशाहीला अधिक जवळचे तत्त्व रांगेचे. लंडनमध्ये १८९५ पासून भरणाऱ्या ‘प्रॉमेनाड’ मैफलींत रंगमंचासमोरील मोकळी जागा उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी अल्प दरात खुली ठेवली जाते व जो आधी येईल तो पुढे उभा राहतो. ज्याच्याकडे पैसा नाही, पण वेळ आहे, अशा विद्यार्थ्याला ही व्यवस्था वरदान ठरते. परंतु दूर राहणारा, नोकरी करणारा, वृद्ध वा अपंग श्रोता या शर्यतीत मागे पडतो.

रॉक संगीताच्या प्रचंड मैफलींत तर रांगेचे रूपांतर अनेकदा रेटारेटीत होई. ओहायओ राज्यातील सिनसिनाटी येथे ३ डिसेंबर १९७९ रोजी ‘द हू’ या ब्रिटिश वादकसमूहाच्या मैफलीपूर्वी दरवाजांशी झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जण मृत्युमुखी पडले. मैफलीची बहुसंख्य तिकिटे विशिष्ट आसनाची नव्हती. जो आधी आत शिरेल त्याला पुढची जागा, असा प्रकार होता. दरवाजे पुरेसे उघडलेले नसताना आतून वाद्ये लावून पाहण्याचा आवाज आला आणि मैफल सुरू झाली या समजुतीने मागील जमाव पुढे लोटला. त्याच महिन्यात नगर परिषदेने अनियत आसनांच्या पद्धतीवर बंदी घातली, ती २००४ पर्यंत टिकली. पुढे ३० जून २००० रोजी डेन्मार्कमधील रॉस्किल्ड महोत्सवात ‘पर्ल जॅम’ या समूहाचे वादन चालू असता रंगमंचासमोरील उभ्या गर्दीत ९ श्रोत्यांचा अंत झाला. आसनक्रम हा वरकरणी सोयीचा वा मानाचा प्रश्न वाटला, तरी गर्दीच्या मैफलींत तो प्राणांशी निगडित असू शकतो, हे या दोन दुर्घटनांनी दाखवून दिले. प्रत्येकाचे आसन आधीच ठरलेले असेल, तर धावण्याचे कारण उरत नाही.

चाहता मंडळांचा उदय : चित्रपट व ध्वनिमुद्रिका यांच्या प्रसाराबरोबर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय कलावंतांची चाहता मंडळे निर्माण झाली. प्रारंभी त्यांचे काम छायाचित्रे, पत्रके व स्वाक्षऱ्या पाठविणे एवढेच असे. ‘बीटल्स’ या समूहाच्या अधिकृत मंडळाने १९६३ ते १९६९ या काळात दरवर्षी नाताळच्या सुमारास सभासदांना खास ध्वनिमुद्रिका भेट दिली. ५ एप्रिल १९६२ रोजी लिव्हरपूलच्या ‘कॅव्हर्न’ क्लबात व डिसेंबर १९६३ मध्ये लिव्हरपूल आणि लंडनमधील विंबल्डन येथे खास सभासदांसाठी कार्यक्रमही झाले. तथापि या काळात सभासदत्व म्हणजे फार तर प्रवेशाचा परवाना होता. सभासदांत आपापसांत उच्चनीच क्रम नव्हता. समूहाने १९६६ मध्ये दौरे थांबविल्यावर आसनाचा प्रश्नच उरला नाही आणि १९७२ मध्ये मंडळ बंद झाले.

कॅलिफोर्नियातील ‘ग्रेटफुल डेड’ या समूहाने १९७१ च्या एका ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर चाहत्यांना पत्ते कळविण्याचे आवाहन केले व त्यातून मोठी नामसूची तयार झाली. तिचे महत्त्व पुढे लक्षात आले. १९८३ पासून या समूहाने आपल्या मैफलींच्या तिकिटांचा मोठा वाटा टपालाने स्वतःच विकण्यास आरंभ केला. ठरलेल्या तारखेचा टपालशिक्का, धनादेशाऐवजी मनिऑर्डर आणि विशिष्ट आकाराच्या पत्रिकेवर लिहिलेला अर्ज अशा अटी असत. चाहते लिफाफे चित्रांनी सजवून पाठवीत. सुंदर लिफाफ्याला चांगली जागा मिळते, अशी समजूत त्यांच्यात पसरली होती. या व्यवस्थेने मध्यस्थ विक्रेत्यावाचून तिकिटे थेट चाहत्यांच्या हाती देता येतात, हे सिद्ध केले. तिच्यात ज्येष्ठतेला मात्र स्थान नव्हते.

टेन क्लब व क्रमांकाधिष्ठित पद्धती : ज्येष्ठतेचे तत्त्व सर्वांत ठळकपणे राबविले, ते ‘पर्ल जॅम’ या समूहाच्या ‘टेन क्लब’ने. हा समूह १९९० मध्ये सिअ‍ॅटल येथे स्थापन झाला. त्यातील जेफ अमेंट व स्टोन गॉसर्ड हे दोघे पूर्वी ‘मदर लव्ह बोन’ या समूहात होते व त्या समूहाच्या छोट्या चाहता मंडळातूनच टेन क्लब विकसित झाला. १९९१ पासून बहुतेक वर्षी सभासदांना नाताळची ध्वनिमुद्रिका पाठविण्याची प्रथा त्याने बीटल्सच्या मंडळाप्रमाणे पाळली.

तिकिटांच्या बाबतीत हा समूह आरंभापासून आग्रही होता. तिकिटाची किंमत १८ डॉलर व विक्रेत्याचे सेवाशुल्क १.८० डॉलर यांहून अधिक असू नये, असे त्याचे म्हणणे होते. ते मान्य न झाल्याने मे १९९४ मध्ये त्याने ‘टिकेटमास्टर’ या तिकीटविक्री कंपनीविरुद्ध मक्तेदारीची तक्रार अमेरिकेच्या न्याय खात्याकडे नोंदविली व ३० जून १९९४ रोजी अमेंट आणि गॉसर्ड यांनी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. जुलै १९९५ मध्ये न्याय खात्याने चौकशी बंद केली. कंपनीला वगळून दौरा करण्याचा प्रयत्न जिकिरीचा ठरला व १९९८ मध्ये समूह पुन्हा त्याच कंपनीमार्फत तिकिटे विकू लागला. या लढ्यात किमतीच्या आघाडीवर अपयश आले. मात्र तिकिटांचा जो वाटा चाहता मंडळाकडे राहिला, त्याचे वितरण कसे करावयाचे, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य टिकले. ज्येष्ठताक्रमाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावयास हवे. बाजारात जी जागा सर्वाधिक पैसे देणाऱ्याकडे गेली असती, ती येथे दर्शनी किमतीत सर्वांत जुन्या सभासदाकडे जाते.

या पद्धतीचे दोन टप्पे वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला टप्पा तिकीट मिळण्याचा. मंडळाचा वाटा मर्यादित असल्याने मागणी जास्त झाल्यास कोणाला तिकीट मिळावे, हे अर्जाच्या क्रमाने वा सोडतीने ठरते आणि येथे नवा व जुना सभासद बहुधा समान असतात. दुसरा टप्पा आसनाचा. ज्यांना तिकिटे मिळाली, त्यांची नावे नोंदणी क्रमांकानुसार लावून पुढच्या ओळीपासून आसने वाटली जातात. अर्ज करताना सभासदाला आपली ओळ ठाऊक नसते. एका सभासदास सामान्यतः दोनच तिकिटे मिळतात. पूर्वी ती मैफलीच्या दिवशी सभागृहाच्या खिडकीवर ओळखपत्र दाखवून स्वतः घ्यावी लागत. त्यामुळे चांगले आसन हाती पडताच ते काळ्या बाजारात विकण्यास फारसा वाव राहत नसे. प्रवेश व आसन यांची ही फारकत पद्धतीच्या न्याय्यतेचा कणा होय. नवागताला सभागृहात येण्याची संधी ज्येष्ठाइतकीच असते. त्याला वाट पाहावी लागते, ती फक्त जवळच्या जागेसाठी.

तरीही कालांतराने एक अडचण अटळ होती. वीस-पंचवीस वर्षांत सभासदसंख्या लाखांच्या घरात जाणाऱ्या मंडळात नव्याने आलेल्या तरुणाचा क्रमांक कधीच पहिल्या ओळीपर्यंत पोहोचणे शक्य नसते. त्याच्यापुढील सभासद निवृत्त होत नाहीत; शासकीय सेवेत असते तशी वयोमर्यादा रसिकतेला नाही. परिणामी रंगमंचासमोर वर्षानुवर्षे तेच चेहरे दिसतात आणि ते समूहाबरोबरच वृद्ध होत जातात. यावर तोडगा म्हणून टेन क्लबने अगदी पुढच्या काही जागा ज्येष्ठताक्रमातून वगळून सोडतीने देण्याची सोय केली. त्यामुळे सर्वांत नव्या सभासदालाही पहिल्या ओळीची आशा राहते आणि ज्येष्ठाचे स्थान थोडेसेच मागे सरकते. ज्येष्ठतेच्या कठोरपणावर नशिबाचा उतारा, असे या तडजोडीचे स्वरूप आहे.

पर्यायी रूपे : इतर समूहांनी ज्येष्ठतेचा उपयोग वेगवेगळ्या प्रमाणात केला. डेव्ह मॅथ्यूज बँडच्या ‘वेअरहाउस’ या मंडळात (१९९८) सभासदत्वाच्या वर्षाला महत्त्व दिले गेले. एकाच वर्षी आलेले सर्वजण एका स्तरावर, अशी ही काहीशी सौम्य रचना होय. आयर्लंडमधील ‘यू-टू’ या समूहाने जागेऐवजी वेळेचा अग्रक्रम स्वीकारला. या समूहाचे ‘प्रॉपगँडा’ हे चाहत्यांचे नियतकालिक १९८६ पासून निघत होते. ते बंद पडल्यावर त्याची जागा संकेतस्थळावरील सभासदत्वाने घेतली. २००५ च्या दौऱ्याआधी सभासदांसाठी झालेल्या पूर्वविक्रीत मोठा गोंधळ उडाला. केवळ तिकिटे मिळवून नफ्याने विकण्यासाठी अनेकांनी वर्गणी भरली आणि वर्षानुवर्षांचे चाहते रिक्तहस्त राहिले, अशी तक्रार झाली. त्याच वर्षीच्या ग्रॅमी पुरस्कार समारंभात समूहाचा तालवादक लॅरी मलन याने चाहत्यांची जाहीर क्षमा मागितली. पुढील दौऱ्यांत जुन्या सभासदांना नव्यांच्या आधी खरेदीची मुभा देण्यात आली. ज्येष्ठतेची मागणी केवळ अहंकारातून निर्माण होत नाही, हे या प्रसंगावरून दिसते. ज्याची आवड खरी आणि ज्याची आवड विक्रीपुरती, त्यांना ओळखण्याचे दुसरे साधन व्यवस्थापकांजवळ नसते. दलाल काल सभासद होऊ शकतो. दहा वर्षांपूर्वी सभासद होणे त्याला शक्य नसते.

जपानमध्ये लोकप्रिय गायकांची चाहता मंडळे सभासदांतून सोडतीने तिकिटे देतात. तेथे १४ जून २०१९ पासून अंमलात आलेल्या कायद्याने तिकिटे नफ्याने पुन्हा विकण्यास मनाई केली आहे. उलटपक्षी अमेरिकेतील न्यूयॉर्क, कोलोरॅडो यांसारख्या काही राज्यांच्या कायद्यांनी तिकीट दुसऱ्यास देण्याचा ग्राहकाचा हक्क संरक्षिलेला आहे. त्यामुळे २०२० मध्ये पर्ल जॅमने आपली तिकिटे अहस्तांतरणीय केली, तेव्हा या राज्यांत त्यास अपवाद करावा लागला. ज्येष्ठतेने मिळालेले आसन विकता येऊ लागले, की ज्येष्ठता हीच विक्रेय वस्तू बनते. म्हणून अहस्तांतरणीयता हा या पद्धतीचा प्राण समजला जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूवरील त्याचा अधिकारही तितकाच महत्त्वाचा ठरतो. या दोहोंतील विरोध पूर्णपणे मिटलेला नाही.

भारतीय बैठकीतील स्थिती : महाराष्ट्रात वर्गणीदार संगीत मंडळांची परंपरा जुनी आहे. कैखुश्रू काबराजी (१८४२–१९०४) यांनी १८७० मध्ये मुंबईत स्थापिलेली ‘गायन उत्तेजक मंडळी’ व १८७४ मध्ये निघालेला ‘पुणे गायन समाज’ ही तिची आरंभीची उदाहरणे होत. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे गायन उत्तेजक मंडळीचे सभासद होते. परंतु ही मंडळे एका कलावंताची नसून संगीताची होती आणि श्रोते सतरंजीवर बैठक घालून बसत. सतरंजीवर क्रमांक नसतो. पुढे कोणी बसावे, हे वय, अधिकार व जाणकारी यांच्या अलिखित संकेतांनी ठरे. एखादा बुजुर्ग गवई उशिरा आला तरी मंडळी सरकून त्याला पुढे जागा करून देत. ज्येष्ठतेचा मान येथेही होता, पण तो नोंदवहीतील तारखेवर अवलंबून नव्हता आणि कोणाला तो हक्क म्हणून मागताही येत नव्हता. भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांनी पुण्यात १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातही भारतीय बैठकीच्या विभागात जो आधी येईल तो पुढे बसतो, तर खुर्च्यांचे विभाग दरानुसार ठरतात. चेन्नईच्या ‘म्यूझिक अकॅडमी’सारख्या (१९२८) सभांत सभासद व हंगामी तिकीटधारक यांची आसने राखून ठेवलेली असतात, तेथील व्यवस्था यूरोपीय वर्गणी मैफलींच्या अधिक जवळची आहे.

मूल्यमापन : ज्येष्ठताक्रमाच्या बाजूने तीन गोष्टी सांगता येतात. एक, तो पैशाच्या स्पर्धेपासून जागेचे रक्षण करतो. श्रीमंताला दहा वर्षे विकत घेता येत नाहीत. दोन, तो निश्चित व पडताळून पाहता येण्याजोगा असतो. व्यवस्थापकाच्या मर्जीला वा वशिल्याला त्यात वाव कमी. तीन, तो रांगेतील धावपळ व तिचे धोके टाळतो.

त्याच्या विरुद्ध बाजूही तितक्याच ठोस आहेत. जन्माचे वर्ष कोणाच्या हाती नसते. १९९१ मध्ये पंचवीस वर्षांचा असलेला श्रोता आणि त्या वर्षी जन्मलेला श्रोता यांच्या आवडीची तुलना सभासदत्वाच्या तारखेने करणे म्हणजे काही अंशी वयाचीच तुलना करणे होय. शिवाय अखंड सभासदत्वाची अट असेल तेथे आजारपण, बेकारी वा स्थलांतर यांमुळे वर्गणी चुकलेल्या मनुष्याची सर्व वर्षे बुडू शकतात. बायरॉइटच्या प्रतीक्षायादीत ही कठोरता स्पष्ट दिसत होती. ज्येष्ठता ही निष्ठेची खूण मानली जाते, पण ती प्रत्यक्षात नियमित वर्गणी भरण्याच्या क्षमतेचीही खूण असते.

ज्या पद्धती दीर्घकाळ टिकल्या, त्यांच्यात काही समान गोष्टी आढळतात. ज्येष्ठतेने ठरणारे आसन सभागृहातील एका भागापुरतेच मर्यादित असते व उरलेली तिकिटे सर्वांना खुली राहतात. ज्येष्ठतेचा उपयोग प्रवेश नाकारण्यासाठी न करता फक्त जागेचा क्रम लावण्यासाठी केला जातो. क्रमांक विकता वा वारशाने देता येत नाही. आणि काही जागा, विशेषतः सर्वांत पुढच्या, नशिबावर सोडलेल्या असतात. यांपैकी अहस्तांतरणीयतेची अट सुटली, तर क्रमांकाचे वतन होण्यास वेळ लागत नाही. मिलानचे सज्जे व लंडनची ९९९ वर्षांची आसने हे त्याचे ऐतिहासिक दाखले होत. मिलानच्या सज्जेधारकाच्या नातवाला आणि टेन क्लबच्या जुन्या सभासदाला पहिली ओळ मिळण्यामागची कारणे भिन्न आहेत. पहिल्याने ती वारशाने घेतली, दुसऱ्याने तिची वाट पाहिली. हा भेद जोवर टिकतो, तोवरच मागच्या ओळीत बसलेल्या नव्या सभासदाला आपल्यापुढील आसनक्रम अन्याय्य वाटत नाही.